तीन वाजल्यानंतरचे आकडे

प्रश्न : डॉक्टर, मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. वय ४२. सकाळी ताळमेळ पटकन बसतो, पण तीन वाजले की आकडे डोळ्यांपुढून नुसते सरकत राहतात. नेमके तेव्हाच पिग्मी एजंट भरणा घेऊन येतात. परवा ५,४०० चे ४,५०० लिहिले गेले. फरकाला नऊने भाग गेला, तेव्हा कुठे आकड्यांची अदलाबदल लक्षात आली. घरी जायला आठ वाजले. दिवसात पाच-सहा चहा होतात, एक जेवणावर, शेवटचा साडेपाचला. नळाला पाणी पहाटे येतं म्हणून पावणेपाचला उठते, झोपायला साडेअकरा होतात. मैत्रीण ग्लुकोज पावडर आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या घे म्हणते. घेऊ का? की माझीच चिकाटी कमी पडतेय?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चिकाटी कमी पडत नाही, झोप कमी पडतेय. साडेअकरा ते पावणेपाच म्हणजे सव्वापाच तास. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २००३ चा एक प्रयोग मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगते. धडधाकट माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष रात्रभर जागलेल्या माणसाइतकं चुकायला लागलं होतं. त्यांना स्वतःला मात्र फार झोप येतेय असं वाटत नव्हतं. ‘मला एवढी झोप पुरते’ असं कुणी म्हणालं, की मला म्हणूनच काळजी वाटते.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि तेच झोपेचा दाब वाढवतं. पुरेशी झोप झाली की ते ओसरतं. तुमचं पुरतं ओसरतच नाही, वर नव्या दिवसाची भर पडते. चहातलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनची बसायची जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. पण मागे साठा वाढतच असतो. शिवाय कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचच्या चहातलं निम्मं कॅफिन साडेदहाला अंगात असतं आणि आधीच तोकडी असलेली झोप आणखी उथळ करतं. दुपारी दोननंतर चहा बंद करा. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखू शकतं, मग थांबेल.

ग्लुकोज पावडर नको. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के असला, तरी विसाव्यालाही शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. अवघड हिशेब करताना हा खर्च फार तर काही टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी साखर तुमच्या पोळी-भाजीतून मिळते. थकव्याचं मूळ दुसरीकडे असावं. पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की दिवसभर डोक्याचं अवघड काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात संध्याकाळपर्यंत ग्लुटामेट हे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं द्रव्य वाढलेलं होतं. सोपं काम केलेल्यांच्यात ते तसं वाढलं नव्हतं. आकडे मनात धरून ठेवायचे, मोह आवरायचा, ही या भागाची कामं. स्मरणशक्तीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

दुपारची मंदी तर शरीराच्या घड्याळातच आहे. उपवासाच्या दिवशीही ती येते. जड जेवणाने वाढते, एवढंच. म्हणून ताळमेळ, तेरीज आणि व्याजाची आकारणी सकाळी उरकून घ्या. फायली लावणं, शिक्के, फोन दुपारी. पिग्मीचा भरणा तीनलाच येणार असेल, तर एक जण रक्कम वाचेल आणि दुसरा लिहील, अशी सोय व्यवस्थापकांकडे मागा. आणि एजंट रक्कम सांगत असताना कुणाला खात्यातली शिल्लक सांगू नका. मन एका वेळी चारेकच गोष्टी धरतं. खाते क्रमांक, रक्कम, तारीख यांतच जागा भरते, मधे एक प्रश्न आला की त्यातलं काहीतरी गळतं. तुमच्या ५,४०० चं असंच झालं असणार.

जेवणानंतर डोकं टेकून वीस मिनिटं डुलकी मिळाली तर घ्याच. कुणी हसलं तरी घ्या.

तरीही रात्रीच्या झोपेला पर्याय नाही, आणि इथे मी तुमच्या घरच्यांशी बोलतेय. पहाटेचं पाणी भरणं आलटून-पालटून करा. ताईंना आठवड्यातून तीन दिवस सहापर्यंत झोपू द्या आणि रोज साडेदहाला दिवा मालवा. चाळिशीतल्या बाईचा थकवा घराला सवयीचा होतो, तो होऊ देऊ नका.

एवढं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही तर, किंवा धाप लागते, केस गळतात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो असं काही असेल तर लगेच, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. जेवणावर घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही, तेव्हा तो आधी सोडा. आणि चाळिशीनंतर बहुतेकांना जवळचा चष्मा लागतो. संध्याकाळच्या उजेडात आकडे सरकण्यात त्याचाही वाटा असू शकतो. डोळेही एकदा दाखवून या.