नियंत्रण की नियमन?

प्रश्न असा आला आहे: ‘ॲड्रेनलिन हृदयपेशींतल्या कॅल्शियम मार्गिकांवर नियंत्रण ठेवते’ या वाक्यात ‘नियंत्रण’ बरोबर, की ‘नियमन’ हवं? (ॲड्रेनलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाऊन पेशींना चालना देणारं रसायन. मार्गिका म्हणजे पेशीच्या पटलातली, तिच्या पातळ आवरणातली, कॅल्शियम आत येण्याची वाट.)

माझं मत ‘नियमन’. आवरून धरण्याचा भाव दोन्ही शब्दांत आहे, पण वापराने त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आगीवर आपण नियंत्रण मिळवतो, वाहतुकीचं नियमन करतो. वाहतूक थांबवायची नसते, ती बेताने चालू ठेवायची असते.

पेशीत असंच घडतं. ॲड्रेनलिन पेशीच्या आत शिरतही नाही. ते बाहेरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आतलं जी-प्रथिन हा संदेश पुढे नेण्यासाठी जागं होतं, त्यातून चक्रीय एएमपी हे आतलं निरोप्या रसायन वाढतं आणि फॉस्फेट जोडणारं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं. कॅल्शियमची मार्गिका उघडते ती पटलावरच्या विद्युतदाबातल्या बदलाने. ॲड्रेनलिनमुळे ती उघडण्याची शक्यता तेवढी वाढते, कॅल्शियम जास्त आत येतं आणि ठोका जोरकस पडतो. रात्री शेतात दारं धरणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. पाटाला पाणी त्याने आणलेलं नसतं. कुठल्या वाफ्यात किती जाऊ द्यायचं, ते तो बघतो.

मग सरळ ‘उघडते’ कुठे म्हणावं? ॲसिटिलकोलिन या चेतातंतूंतून स्रवणाऱ्या रसायनाच्या बाबतीत ते शोभतं. तिथे जी-प्रथिनाचा एक भाग स्वतःच पोटॅशियमच्या मार्गिकेला जाऊन भिडतो, ती उघडते आणि हृदयाची गती मंदावते. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची तऱ्हा आणखी निराळी. ते मूत्रपिंडातल्या पेशींत शिरून जनुकांमार्फत काम करतं आणि पटलावरच्या सोडियम मार्गिकांची संख्याच वाढवतं. याला तासांचा अवधी लागतो. शक्यता वाढवणं, दार उघडणं, दारंच वाढवणं, या तिन्हींना सामावून घेणारा शब्द ‘नियमन’च.

(‘मार्गिका’ मला ‘वाहिनी’पेक्षा आवडतो. वाहिनी म्हटलं की रक्तवाहिनीसारखी लांब नळी आठवते. ही तर पटलाच्या जाडीएवढी प्रथिनाची वाट.)

‘संप्रेरक’ या शब्दाचीही साक्ष काढता येईल. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने 1905 मध्ये संप्रेरकासाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, आणि आपल्या ‘प्रेरणे’तही तोच अर्थ आहे. चालना देणाऱ्याच्या हाती ‘नियंत्रण’ सोपवलं की शब्दांत विसंगती येते.

तेव्हा वाक्य असं लिहा: ‘ॲड्रेनलिन हृदयपेशींतल्या कॅल्शियम मार्गिकांचं नियमन करतं.’