दहा हजाराचं सोयाबीन डोक्यातून उतरत नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, बीकॉम झालो आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशोब पाहतो. कंपनी माझ्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, उभी केली, मोटरसायकलवर गावोगाव फिरून तीनशेच्या वर सभासद जोडले, एक रुपया खाणारा माणूस नाही, पण कोणाचं ऐकत नाही. 2020 चं सोयाबीन सगळे विकून राहिले होते तेव्हा त्यांनी थांबवलं आणि 2021 च्या ऑगस्टात दहा हजारानं काढलं, तेव्हापासून हरेक मिटिंगमध्ये तीच गोष्ट. मागे सभासदांचं 380 क्विंटल 4,700 नं घेतलं, "थांबा, भाव येते" म्हणत म्हणत 4,100 वर आलो. आता बाकीचे संचालक मलेच म्हणतात, तू घरचा आहेस, तूच बोल. बोललो तर घर फुटते, नाही बोललो तर कंपनी बसते. काय करू?

उत्तर : भाऊ, पहिले हिशोब. 380 गुणिले 600, म्हणजे 2 लाख 28 हजार, आणि गोडाऊनभाडं, व्याज, वजनातली घट वरून. हा आकडा मोठ्या बाबांनी कागदावर पाहिला आहे का? मला वाटते नसेल पाहिला. "भाव जरा पडला" एवढंच कानावर असेल.

2021 ची गोष्ट खोटी नाही हो, पण त्या वर्षी मालाची तंगी होती, पोल्ट्रीवाले कोंबड्यांच्या खाद्यातल्या ढेपीसाठी, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीसाठी, ओरडत होते, आणि त्याच ऑगस्टात सरकारनं 12 लाख टन सोयाढेप बाहेरून आणायला परवानगी दिली, मग भाव घसरला. मोठ्या बाबांनी ऐन टायमाला विकलं. त्यात हुशारी किती आणि नशीब किती ते कोणी मोजलं नाही, सगळं हुशारीच्या खात्यात जमा झालं. कापसाचंही तसंच झालं की, 2022 च्या सुरुवातीला दहा हजाराच्या वर गेला आणि पुढच्या हंगामात किती घरांनी त्याच भावासाठी कापूस झोपायच्या खोलीत भरून ठेवला, लेकराबाळांना खाज सुटली, आणि शेवटी सात-आठ हजारात द्यावा लागला.

धंदा बुडवणारा दोष म्हटला की आपल्याला दारू, जुगार, लफडी आठवतात. पण मोठमोठे लोक त्यांना एकदा जिंकवलेल्या गुणावरच आपटलेत. अमेरिकेतला हेन्री फोर्ड घ्या. 1908 मध्ये त्यानं मॉडेल टी नावाची स्वस्त, दणकट गाडी काढली आणि 1927 पर्यंत दीड कोटी विकल्या. मधी लोकांना रंग पाहिजे होते, आरामशीर गाडी पाहिजे होती, जनरल मोटर्स ते देऊन राहिली होती, पण फोर्ड म्हणे माझी गाडी चांगलीच आहे. आता तुमच्या कामाचं सांगतो. 1926 च्या जानेवारीत कॅन्झलर नावाच्या त्याच्याच अधिकाऱ्यानं, जो त्याच्या पोराचा साडू होता, सहा पानांचं पत्र लिहिलं की साहेब, ग्राहक चालले. भाषा अगदी अदबीची होती. काही महिन्यांत त्या साडूची नोकरी गेली. आणि पुढच्याच वर्षी मॉडेल टी बंद करावी लागली, नवीन गाडीची तयारी होईस्तोवर कारखाना सहाएक महिने बंद. म्हणजे नात्यातला माणूस बोलला म्हणून ऐकतीलच असं नाही, हे धरून चला.

दुसरीकडे आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी 1877 च्या 1 जानेवारीला सुरू केली आणि तिचा कारभार दिला बेझनजी मेहतांकडे, जो माणूस रेल्वेच्या मालखात्यातला, कापडाचं त्याला काही माहीत नाही. सुरुवातीची मशिनरी हलकी निघाली तर बदलली. मजूर रोज येत नव्हते तर बोंबलत नाही बसले, हजेरीला बक्षिसं लावली, पुढं 1886 मध्ये पेन्शन फंड काढला. आपलं चुकलं हे लवकर दिसणं, एवढ्यासाठीच त्यांचं नाव घेतो, बाकी कौतुक फार झालंय.

मी काही शहाणा म्हणून सांगून राहिलो नाही. माझं कृषी केंद्र होतं. हंगामावर उधारी द्यायचो, कारण लोक "शेठ" म्हणायचे आणि मला ते फार गोड लागायचं. उधारीची वही बायकोला दिसू नये म्हणून खताच्या पोत्यामागे ठेवायचो. तिसऱ्या वर्षी खताच्या कंपनीनं माल देणं बंद केलं तेव्हा वही निघाली, आणि सगळ्यात जास्त उधारी ज्यांच्याकडे होती ते दुसऱ्या दुकानात नगदीनं घेत होते! कोणी सांगितलं नव्हतं का? नोकर सांगायचा. मी त्यालाच झापायचो.

म्हणून स्वभावावर बोलू नका, साठीतला माणूस स्वभाव बदलत नाही. पद्धत बदला. कायद्यानं तीन महिन्यांत एक बोर्ड मिटिंग घ्यावीच लागते ना, तर सोयाबीन काढायच्या आधीच्या मिटिंगमध्ये ठराव करा की माल तीन भागात विकायचा, एक भाग लगेच, एक संक्रांतीपर्यंत, तिसरा मोठ्या बाबांच्या अंदाजावर, पण त्यालाही शेवटची तारीख. ठराव प्रोसिडिंग बुकात, सह्या सगळ्यांच्या. थांबायचंच असेल तर सभासदांनी आपापला माल बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवावा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते, म्हणजे मुदत आपोआप पडते. आणि मिटिंगमध्ये अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. ते पहिले बोलले की बाकीचे चहा पिऊन घरी जातात, तुमच्याकडं तेच होत असणार.

2 लाख 28 हजाराचा कागद मात्र आधी एकट्यात दाखवा, मिटिंगमध्ये नाही. आणि तुम्हीही मागच्या ठरावावर सही केली असेल तर तेही त्यांना पहिलेच सांगून टाका.

प्रश्न : आमच्या गावातला ठेकेदार पाच वर्षांत वर गेला, दोन वर्षांत बसला. लोक म्हणतात दारूनं बसवलं. खरं का?

उत्तर : दारू दिसते म्हणून लोक तिचं नाव घेतात. विजय मल्ल्या तर दारूवरच कमावत होता, त्याला बुडवलं विमानानं. 2005 मध्ये किंगफिशर एअरलाइन्स काढली, एकाही वर्षी नफा नाही, तरी 2007 मध्ये एअर डेक्कनही घेतली, आणि 2012 मध्ये उड्डाणं बंद. तुमच्या ठेकेदाराकडे जेसीबी किती होत्या आणि त्यांचे हप्ते कोणत्या न निघालेल्या बिलाच्या भरवशावर चालू होते ते विचारून पाहा, बाटलीचं नंतर पाहू.