छोटी रूम, चार माणसं, दोन रात्री

प्रश्न: ताई, दोन रात्रींसाठी आम्ही चौघं एका मोठ्या शहरात फिरायला चाललोय, मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ चा. तीन हॉटेलं बाजूला काढलीत आणि आठवडाभर तिथेच अडकलोय. पहिलं अगदी सेंटरला, १४ चौरस मीटरची एक रूम, किंग बेड आणि सोफा कम बेड. दुसरं पण सेंटरलाच, १० चौरस मीटरच्या दोन रूम शेजारी शेजारी. तिसरं २४ चौरस मीटरचा स्टुडिओ, छोटं किचन वगैरे, पण सेंटरपासून मेट्रोने ३५ मिनिटं. खर्च तिन्हीचा जवळपास सारखाच. नवरा म्हणतो मोठं ते घेऊ, मला ते पटत नाहीये पण का ते धड सांगता येत नाहीये.

उत्तर: तुम्हाला आतून जे वाटतंय ते बरोबर आहे. लहान मुलं बरोबर असली की सेंटरच्या हॉटेलचा खरा फायदा दुपारी कळतो. चार वर्षांचं मूल सकाळी ९ ला बाहेर पडलं की एक-दीडच्या सुमाराला थकतं, रस्त्यातच बसकण मारतं, उचलून घे म्हणतं, आणि तेव्हा रूम दहा मिनिटांवर असेल तर तुम्ही सरळ परत जाता, तो तासभर झोपतो, मुलगी पाय पसरून पडते, तुमच्याही पाठीला जरा आराम मिळतो आणि चारला सगळे परत ताजेतवाने बाहेर. रूम ३५ मिनिटांवर असली की जाऊन येऊन सत्तर मिनिटं, वर स्टेशनचे जिने, गाडीची वाट बघणं, त्यामुळे परत कोणी जातच नाही, मूल खांद्यावर झोपतं आणि संध्याकाळ चिडचिडीत जाते. चार-पाच रात्री असत्या तर मी स्टुडिओच घ्या म्हटलं असतं, कपडे धुवायचे असतात, एखादा अख्खा दिवस आत काढायचा असतो. पण चेक-इन दुपारी ३ ला आणि चेक-आउट सकाळी ११ ला धरलं तर दोन रात्रींत रूम तुमच्या ताब्यात ४४ तास असते, त्यातले जवळपास निम्मे झोपेत जाणार.

आता राहिली दोन. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे, की साइटवरचा चौरस मीटरचा आकडा एकमेकांशी लावून बघू नका, रात्री सगळे बेड उघडल्यावर जमीन किती उरते ते बघा. १४ चौरस मीटर म्हणजे साधारण १५० चौरस फूट, आणि त्यात बहुतेक वेळा बाथरूम धरलेली असते. बाथरूमचे ३ गेले. किंग बेड १८० बाय २०० सेंटिमीटर, म्हणजे ३.६ गेले. सोफा कम बेड उघडून १४० बाय १९० झाला तर आणखी साधारण २.७. दारातला बोळ आणि कपाट मिळून दीड धरा. उरले ३.२, म्हणजे ३५ चौरस फुटांच्या आतबाहेर, आणि अजून दोन सुटकेसा उघडायच्या आहेत, मोठी सुटकेस उघडी पसरली की एकेक ०.७ खाते. राहिली वीसेक चौरस फूट मोकळी जागा, चौघांना कपडे बदलायला, बूट काढायला, आणि रात्री मुलाला पाणी द्यायला अंधारात उठायला. घरी हॉलमध्ये कागदी चिकटपट्टीने हे माप जमिनीवर आखा आणि चौघं त्यात दहा मिनिटं उभे राहा, नवऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आणि मापापेक्षाही अवघड असते ती रात्रीची ९ ची वेळ. मूल झोपलं, दिवे बंद, आणि तुम्ही दोघं अजून जागे. मी स्वतः अशा एका रूममध्ये राहिलेय जिथे बाथरूमची भिंत दुधी काचेची होती, दिसायला फार सुंदर, पण आत दिवा लावला की अख्खी रूम कंदिलासारखी उजळायची आणि धाकटं उठून बसायचं, शेवटी आम्ही दोन्ही रात्री मोबाइलच्या उजेडात दात घासले. त्यामुळे बाथरूमला भरीव भिंत आणि नीट बंद होणारं दार आहे का, बेडच्या उशाला वेगळा छोटा दिवा आहे का, हे फोन करून विचारा. लहान रूममध्ये याच गोष्टी महत्त्वाच्या, लॉबी कशी आहे हे नंतर.

या हिशोबाने दोन रूमचं हॉटेल उजवं ठरतं, पण एकाच अटीवर. शेजारच्या रूम आणि आतून दाराने जोडलेल्या रूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइटवर अॅडजॉइनिंग लिहिलं असेल तर त्या नुसत्या शेजारी असतात, कनेक्टिंग लिहिलं असेल तर मधे आतून उघडणारं दार असतं. दार असेल तर मुलं पलीकडे झोपतात, दार अर्धं उघडं, आणि तुम्ही इकडे दिवा लावून बसू शकता. वर दोन बाथरूम, सकाळी चार माणसं तयार व्हायची असतात तेव्हा याची किंमत कळते. दार नसेल तर एकेका मुलाबरोबर एकेक मोठं माणूस कॉरिडॉरमधून वेगळं जाणार, नवराबायकोला दोन दिवसात एक तास शांत मिळणार नाही. बुकिंग करताना नुसती रिक्वेस्ट टाकून थांबू नका, ती बहुतेक वेळा 'रूम शिल्लक असतील तर' या बोलीवर असते. हॉटेललाच ईमेल करा आणि कनेक्टिंग रूम कन्फर्म, असं लेखी उत्तर घ्या. ते आलं तर दुसरं हॉटेल घ्या, नाही आलं तर पहिलं. आणि दोन्हीकडे रूम मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांबची मागा, सेंटरमध्ये पहाटे कचऱ्याच्या गाड्या येतात आणि त्या आवाजाने मुलं तर उठतातच.

प्रश्न: कॅप्सूल किंवा केबिन टाइप हॉटेल फोटोत फार मस्त दिसतात आणि अगदी मोक्याच्या जागी असतात. आम्ही तिघं, मुलगा ५ वर्षांचा. चालेल का?

उत्तर: कॅप्सूल, म्हणजे एका माणसाने आत शिरून झोपायची पेटीसारखी जागा, ती नको. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये जपानमधल्या ओसाकाला सुरू झालं, आर्किटेक्ट किशो कुरोकावा, आणि ती कल्पनाच मुळात एकट्या माणसाने रात्र काढण्यासाठीची. आजही अनेक ठिकाणी पुरुषांचे आणि बायकांचे मजले वेगळे असतात आणि लहान मुलांना घेत नाहीत. केबिन टाइपचं जरा वेगळं, योटेल या हॉटेल कंपनीने २००७ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर विमानातल्या फर्स्ट क्लासवरून सुचलेल्या केबिन सुरू केल्या, पण असल्या रूम मुख्यतः एक-दोन माणसांचा विचार करून बनवलेल्या असतात. त्यामुळे कमाल किती माणसं हे आधी बघा आणि त्यात मूल मोजलंय का ते विचारा, काही ठिकाणी तान्हं बाळसुद्धा मोजतात. मुलाचं वय लपवून बुकिंग अजिबात करू नका, काउंटरवर उभं राहून दुसरी रूम शोधायची वेळ येते तेव्हा पोरगं पेंगत असतं. आणि बंक बेड असेल तर वरचा बेड ६ वर्षांखालच्या मुलासाठी नाही, युरोप-अमेरिकेतल्या सुरक्षेच्या सूचनांमध्ये हे स्पष्ट आहे, पडण्याचा धोका खरा आहे. तुमचा ५ चा, तर तो खाली आणि वर तुमच्यापैकी कोणीतरी.

प्रश्न: फोटोवरून रूम किती लहान आहे ते कसं ओळखायचं?

उत्तर: वाइड अँगलने फोटो काढला की कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात, कोपऱ्यातली खुर्ची बाकासारखी लांब दिसली तर समजून घ्या की रूम फोटोत दिसते त्यापेक्षा लहान आहे. बेडच्या दोन्ही बाजूंना उतरायला जागा आहे का बघा, एक बाजू भिंतीला चिकटलेली असेल तर आतलं माणूस रात्री दुसऱ्याच्या अंगावरून उतरणार. हॉटेलच्या फोटोंपेक्षा राहून गेलेल्यांनी टाकलेले फोटो बघा, पसरलेल्या बॅगांसकट असतात ते. रिव्ह्यू वाचताना मार्क सोडून द्या आणि सुटकेस, लिफ्ट, आवाज, एसी हे शब्द शोधा, त्यातही मुलं घेऊन गेलेल्यांचेच वाचा, एकट्याने कामासाठी गेलेल्या माणसाला १० चौरस मीटर भरपूर वाटतात.

प्रश्न: शेवटच्या दिवशी फ्लाइट रात्रीची आहे, चेक-आउट ११ ला. मधे मुलांचं काय करायचं?

उत्तर: बॅगा हॉटेलमध्येच ठेवता येतात, बहुतेक सेंटरची हॉटेलं तेवढी सोय करतात, पण ठेवायची जागा कुलपाची आहे का आणि किती वाजेपर्यंत ते बुकिंगच्या आधी विचारा. लॉबीत टॉयलेट आहे का तेही, कारण संध्याकाळी बॅगा घ्यायला याल तेव्हा मुलांचे कपडे तिथेच बदलावे लागतील. एक जोडी कपडे, टॉवेल आणि चार्जर सगळ्यात वरच्या छोट्या बॅगेत ठेवा, म्हणजे काउंटरसमोर मोठी सुटकेस उघडायला नको.