‘सगळे मित्र कामापुरतेच’ असं वाटू लागतं तेव्हा

‘मॅडम, माझे सगळे मित्र कामापुरतेच आहेत.’ समुपदेशनाला येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींकडून हे वाक्य मी सतत ऐकते. चाळिशीतली माणसंही हेच सांगायला येतात, फक्त ती आधी दुसऱ्याच विषयावर बोलत राहतात.

ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाची. (त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लहान गावातून पुण्यात आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, हुशार. रूमवरच्या पोरांनी त्याला न सांगता राजगडचा ट्रेक केला आणि ते त्याला त्यांच्या स्टेटसवरून कळलं. तेव्हापासून जेवण कमी झालं होतं, लेक्चरला दांड्या सुरू झाल्या होत्या.

पहिल्या भेटीत फारसं बोलला नाही, मोबाइलवर एक गाणं लावलं. ब्रुकलिनच्या हूडिनी या रॅप त्रयीचं १९८४ सालचं ‘फ्रेंड्स’. अमेरिकेत तेव्हा ते बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. १९९६ मध्ये नॅस या रॅपरने ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’साठी त्याचा तुकडा वापरला, आणि त्या वाटेने हा मुलगा मूळ गाण्याशी पोचला होता. गाणं विचारतं, असे मित्र आपल्यापैकी कितीजणांना आहेत, ज्यांच्यावर विसंबता येईल? ‘बघा, चाळीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय,’ तो म्हणाला. मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. त्यात बारा महिने सोबत राहणारे मित्रही आहेत आणि ओळखच झाली नसती तर बरं, असे वाटणारेही आहेत. याला फक्त दुसरेच ऐकू येत होते. दुखावलेल्या माणसाचं असंच होतं, त्यात त्याचा दोष नाही.

मग त्याने वहीचं शेवटचं पान दाखवलं. नावांची यादी. काहींपुढे ‘खरा’, बहुतेकांपुढे ‘खोटा’. हे ठरवलं कसं, असं विचारल्यावर म्हणाला, ‘मी मेसेज करणं बंद केलं. कोण आपणहून विचारतंय ते बघितलं.’ ही परीक्षा फार जण घेतात आणि मला ती अन्यायाची वाटते. समोरच्याला पेपर चालू आहे हेच माहीत नसतं. तो समजतो, याचं सबमिशन चालू असेल, आणि इकडे त्याच्या नावापुढे फुली पडते.

मी त्याला २०१६ मधला एक अभ्यास सांगितला. संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना विचारलं, वर्गातलं कोण तुमचं मित्र आहे आणि समोरचा तुम्हाला मित्र मानत असेल का. ९४ टक्के नात्यांत उत्तर ‘हो, मानत असेल’ असं आलं. प्रत्यक्षात दोन्हीकडून मैत्री निघाली ५३ टक्के नात्यांत. म्हणजे यातल्या जवळपास निम्म्या ठिकाणी एकाचा अंदाज चुकला होता. पण अंदाज चुकणं वेगळं आणि कुणी फसवणं वेगळं. आपण ज्याला जिवाभावाचा समजतो, तो आपल्याला चांगला ओळखीचा समजत असू शकतो. ते लागतं, पण तो लबाड ठरत नाही.

यादी फाडायला मी सांगितलं नाही. ‘खरा-खोटा’ खोडून तिथे दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: मी याच्याकडे काय मागितलं आणि याने काय केलं. पुढच्या भेटीत पहिला रकाना जवळजवळ कोरा होता. तो सगळ्यांची जर्नल्स लिहून द्यायचा, मेसचे पैसे उसने द्यायचा, स्वतः मात्र कुणाकडे काही मागत नव्हता. नकार आला तर, ही भीती. मग आम्ही ठरवलं: छोटं काहीतरी मागायचं, आणि एका जर्नलला ‘नाही’ म्हणायचं. ‘या वेळी जमणार नाही रे, माझंच राहिलंय’ एवढंच. हे वाक्य त्याने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून बघितलं, तेव्हा आवाज कापत होता.

याला ताप आलेला असताना एका रूममेटने रात्री गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. त्याच्या नावापुढे ‘खोटा’ होतं. ट्रेकबद्दल याने सरळ विचारलं तर तोच म्हणाला, ‘अरे, तू दर वेळी नाही म्हणतोस, म्हणून विचारलंच नाही.’ आणि ज्याच्या नावापुढे ‘खरा’ होतं, त्याने जर्नल न मिळाल्यावर बोलणंच टाकलं. शिवाय याने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट ग्रुपवर हसण्यावारी नेली. अशा माणसापासून लांब व्हायला मी कुणालाही सांगेन. सांगितलेलं गुपित वापरणारा, चारचौघांत पाणउतारा करणारा, नकार ऐकला की वागणं बदलणारा माणूस ओळखायला गुप्त परीक्षा लागत नाही.

झोप, जेवण, अभ्यास आठवड्यांमागून आठवडे विस्कटलेलाच असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मित्र खरे की खोटे हा प्रश्न बाजूला ठेवा आणि लगेच मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

हा मुलगा आता नियमित जेवतो, लेक्चरला जातो. ज्याने बोलणं टाकलं त्याचं दुःख अजून आहे. शाळेपासूनचा मित्र होता तो. सध्या आमचं बोलणं त्याच्याबद्दलच चालू आहे.