फॉर्मवर एकच खूण

प्रश्न : माझा मुलगा 28 वर्षांचा आहे. पगार चांगला, राहायला स्वतःचं घर, मित्र भरपूर, आमच्याशी भांडण नाही. काही म्हणता काही कमी नाही. तरी परदेशी जायचं म्हणतो. का, असं विचारलं तर दर वेळी नवं कारण. कधी पगार, कधी तिथलं काम, कधी नुसतंच 'जायचंय'. तो माझ्यापासून काही लपवतोय का? – एक आई

उत्तर : लपवत असेलही. पण त्याचं त्यालाच ते नीट सापडलेलं नसेल, ही शक्यता मला जास्त वाटते.

मी 19 वर्षं परदेशात दुभाषी म्हणून काम केलं. टेबलाच्या एका बाजूला नवीन आलेलं माणूस, पलीकडे अधिकारी, मधे मी. फॉर्मवर 'देश सोडण्याचे कारण' असा रकाना असायचा आणि त्यापुढे चार चौकोन : काम, शिक्षण, कुटुंब, इतर. खूण एकाच चौकोनात करायची. जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर झरझर लिहिणारी माणसं तिथे आली की पेन थांबायचं. मान वर करून माझ्याकडे बघायची, जणू मला ठाऊक असावं. मग बहुतेक जण 'काम'वर खूण करत. ते खोटं नव्हतं. पण पगाराचं कारण सांगायला सोपं पडतं, त्यात मागे राहिलेल्या कुणावर ठपका येत नाही.

खोलीत ऐकलेलं मी आजही सांगणार नाही, तो आमच्या कामाचा नियम. बाहेर बाकावर, कॉफीच्या यंत्रापाशी कानावर पडलं ते मात्र माझं. (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.) 'काम'वर खूण केलेला एक इंजिनिअर म्हणाला, "तिकडे मी काहीही केलं तरी थोरल्याचा धाकटा. इथे माझा भाऊ कुणाला माहीतच नाही." एका बाईंनी 'शिक्षण' लिहिलं होतं. त्यांना खरं तर अशी जागा हवी होती, जिथे त्या आल्या की लोक आवाज खाली आणून घटस्फोटाबद्दल बोलणार नाहीत. आणि एक नर्स होती, तिने तर स्वतः काही ठरवलंच नव्हतं. तिघं भावंडं. एकाने शेती बघायची, एकाने शहरात नोकरी करायची, एकाने देशाबाहेर जायचं. म्हणजे एकीकडे पीक बुडालं किंवा नोकरी गेली तरी बाकीचे दोघं घर धरून ठेवतील. हिचं प्रशिक्षण झालेलं, म्हणून ही निघाली. स्थलांतर हा बऱ्याचदा एकट्याचा नसून अख्ख्या घराचा निर्णय असतो, जोखीम वाटून घेण्याचा, असं ओडेड स्टार्क आणि इतर काही अर्थशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात मांडलं. त्या नर्सच्या आईने ते न वाचताच अमलात आणलं होतं.

तुम्हाला कोडं पडलंय ते वेगळंच, की काही कमी नसताना का? पण सगळ्यात गरीब माणसं देशाबाहेर फारशी जातच नाहीत. जायला पैसा लागतो, कागदपत्रं लागतात, आधी जाऊन बसलेलं ओळखीचं कोणीतरी लागतं. गरीब देशात चार पैसे येऊ लागले की बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण आधी वाढतं, उतरतं ते फार नंतर. तेव्हा तुमचा मुलगा 'काही कमी नसताना' नव्हे, काही कमी नाही म्हणूनच जाऊ शकतोय.

दुसरं, त्याला पुरतं उत्तर देता येणारच नाही. एव्हरेट ली या अभ्यासकाने 1966 मध्ये एक साधी गोष्ट सांगितली : आहोत तिथलं बरंवाईट आपल्याला राहून कळलेलं असतं, जिथे जायचं तिथलं मात्र तिथे राहिल्याशिवाय पुरतं कळत नाही. तराजूचं एक पारडं झाकलेलंच असतं. म्हणून 'का' विचारू नका. 'तिथे तुझ्या ओळखीचं कोण आहे?' हे विचारा. माझ्या अनुभवात या प्रश्नाला माणसं लगेच आणि खरं उत्तर देतात.

आणि जाता जाता : संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात 30 कोटी 40 लाख माणसं आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहत होती. आकडा मोठा वाटतो, पण ते जगाच्या लोकसंख्येच्या 3.7 टक्केच. शंभरातले 96 जण आपल्याच देशात राहतात आणि कारण विचारलं जातं ते उरलेल्या चौघांना. तुम्ही का राहिलात, हे तुम्हाला कधी कोणी विचारलंय? एकदा उत्तर द्यायचा प्रयत्न करून बघा. तुमचंही दर वेळी बदलेल.

प्रश्न : पाच वर्षांत परत येतो म्हणून गेलेले लोक परत का येत नाहीत? की जातानाच खोटं बोलतात? – एक वाचक, निवृत्त

उत्तर : येतातही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा परतला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रावेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने तर 1885 मध्येच लिहून ठेवलं, की माणसांच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. परत आलेला माणूस गर्दीत मिसळून जातो, म्हणून तो मोजला जात नाही.

पण तुमचा रोख कळला. माझंच सांगते. दोन वर्षांसाठी गेले, 23 राहिले. पहिली सहा वर्षं पुस्तकांना कपाट घेतलं नाही. पुस्तकं खोक्यांत, खोकी पलंगाखाली आणि हवं ते पुस्तक नेमकं तळच्या खोक्यात. कपाट घेतलं म्हणजे इथेच राहायचं ठरलं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. सातव्या वर्षी ओल लागून एका खोक्याचा तळ सुटला, तेव्हा सुटे भाग जोडायचं एक स्वस्तातलं कपाट आणलं. संध्याकाळभर जमिनीवर बसून जोडलं. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला हे कधी कळलं नाही, कपाट मात्र पुढे 17 वर्षं उभं राहिलं. राहायचा निर्णय मी कधी घेतला असेल, तर तो त्या संध्याकाळी. तेव्हा मला वाटत होतं, मी कपाट लावतेय.

जाण्याच्या निर्णयाला तारीख असते, तिकीट असतं. राहण्याचा निर्णय असा सुट्या भागांत येतो. मुलाची शाळा मधेच बदलायला नको. सरकारी पेन्शनला अजून थोडी वर्षं भरायची आहेत (जर्मनीत किमान 5, ब्रिटनमध्ये 10). नागरिकत्वासाठी ठरावीक वर्षं राहण्याची अट असते, मधे फार काळ बाहेर काढला तर आधीची वर्षं वाया जाण्याची धास्ती. खोटं कोणी बोलत नाही हो. 'पाचच वर्षं' म्हटलं नसतं, तर दारातून पाय निघाला नसता.

प्रश्न : मी 41 वर्षांची, अकाउंटंट आहे. नवऱ्याला परदेशी नोकरी मिळाली, आम्ही निघतोय. सगळे विचारतात तू का चाललीस? माझ्याकडे स्वतःचं असं कारणच नाही. हे चुकीचं आहे का? – निघण्याच्या तयारीत

उत्तर : चुकीचं नाही, पण महाग पडू शकतं. जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने 1978 मध्ये यावर लिहिलं : घराचा एकूण फायदा होतो, एकाचा तोटा होतो, तरी तो एक जण बांधल्यासारखा सोबत जातो. माझ्यासमोर 'कुटुंब'वर खूण करणाऱ्यांत बायका जास्त होत्या आणि त्या चौकोनापाशी त्यांचं पेन अजिबात थांबायचं नाही. ते मला तेव्हाही खटकायचं.

कारण नसलं तर नसू दे, तयारी ठेवा. तुमच्या पदवीला आणि परवान्याला तिथे मान्यता मिळते का, याचा अर्ज निघण्यापूर्वीच करा. तो महिनोन्‌महिने चालतो. बँकेतलं खातं स्वतःच्या नावावर हवं. घराच्या भाडेकरारावर तुमचंही नाव घाला. किती दिवसांनी दोघांनी बसून पुन्हा ठरवायचं, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर मांडा.

आणि जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येते की नाही, हा नियम देशागणिक वेगळा असतो. तो व्हिसाच्या पत्रात बारीक अक्षरात असेल. ते पत्र तुम्ही स्वतः वाचा. नवऱ्याने वाचून सांगितलेलं चालणार नाही, माणूस कितीही चांगला असो. मी 19 वर्षं दुसऱ्यांना वाचून दाखवलंय; मधल्या माणसाकडून काय काय गळतं ते मला विचारा.