बर्लिनला चित्रकार म्हणून येण्याआधी

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: तुम्ही जे. जे.मधून रंगचित्रकलेचे शिक्षण घेतले आहे, सध्या पुण्यातल्या एका शाळेत कलाशिक्षक आहात, पत्नी संगणक क्षेत्रात नोकरी करते, मुलगी चार वर्षांची आहे, आणि शाळेची नोकरी सोडून बर्लिनमध्ये स्वतंत्र चित्रकार म्हणून राहण्याचा तुमचा विचार आहे. ‘तिथे चित्रे विकून घर चालते का?’ असे तुम्ही विचारले आहे. केवळ चित्रे विकून इथे फार थोड्यांची घरे चालतात आणि त्या थोड्यांत मी नाही. माझी मिळकत मुलांच्या पुस्तकांसाठी केलेल्या रेखाटनांची, मुद्राचित्रणाच्या कार्यशाळांची आणि अधूनमधून विकल्या जाणाऱ्या छापचित्रांची मिळून होते. मात्र तुम्ही आधी विचारायला हवे ते हे, की ज्या महिन्यांत चित्र विकले जाणार नाही, त्या महिन्यांत दुसरे कोणते काम करण्याची कायदेशीर मुभा तुमच्याजवळ असेल.

भारतीय नागरिकाला अल्पमुदतीच्या व्हिसावर येऊन इथल्या इथे स्वतंत्र व्यवसायाचा परवाना घेता येत नाही. अमेरिकन किंवा जपानी चित्रकारांना ती सवलत आहे, म्हणून त्यांचे अनुभव वाचून आपला बेत आखू नये. तुम्हाला मुंबईच्या जर्मन वकिलातीमार्फत, निवास कायद्याच्या कलम २१, पोटकलम ५ खाली, आधी व्हिसा मिळवावा लागेल. त्यासाठी खर्चाचा आणि मिळकतीचा अंदाज, आरोग्य विमा, राहण्याच्या जागेचा तपशील आणि काम देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रे लागतात. ‘आम्हाला तुमची चित्रे आवडली, कधीतरी प्रदर्शन करू’ अशा पत्राला फारसे वजन नसते. अमुक काम, अमुक मुदत आणि अमुक रक्कम लिहिलेले एखाद्या छोट्या प्रकाशकाचे पत्रसुद्धा त्याहून उपयोगी पडते.

हा परवाना मिळाला, तरी तो सहसा कलेच्या स्वतंत्र कामापुरताच असतो. इथला जर्मन चित्रकार आठवड्यातले तीन दिवस उपाहारगृहात वाढप्याचे काम करतो, संग्रहालयात चित्रे हलवण्याच्या आणि टांगण्याच्या पगारी कामावर जातो आणि उरलेल्या दिवसांत रंगवतो. कलावंताच्या पोटापाण्याची ही जुनी आणि सन्मान्य सोय आहे. तुम्हाला मात्र असे पगारी काम करण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागेल. बेकारांसाठीचा सरकारी निर्वाहभत्ता मागितला, तर मूळ परवानाच धोक्यात येतो, कारण स्वतःच्या कामावर स्वतःचा निर्वाह चालवणे ही त्याची अट आहे. म्हणजे ज्याला कलेखेरीज आधार नाही, त्याच्याकडूनच कायदा कलेवर पूर्ण पोट भरण्याची अपेक्षा धरतो.

परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आणखी एक पेच समोर येतो. रंग, कॅनव्हास, स्टुडिओचे भाडे, प्रवास असे खर्च वजा केले, की करविभागाला दाखवायचा नफा लहान होतो, आणि कराच्या दृष्टीने ते सोयीचेच असते. २०२५ मध्ये १२,०९६ युरोपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर नव्हता. परंतु परदेशी नागरिक कार्यालय तोच नफ्याचा आकडा हातात घेऊन ‘एवढ्यात तुम्ही राहता कसे?’ असे विचारते. वर्षानुवर्षे तोटा दाखवला, तर करविभागही तुमच्या चित्रकलेला व्यवसाय न मानता हौस ठरवू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून हिशेब नीट ठेवा आणि कलावंतांची कामे करणारा करसल्लागार गाठा. त्याच्या शुल्कात काटकसर करू नका.

आता जमेची बाजू. ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासे’, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली केएसके, ही १९८३ पासून चालू असलेली कलावंतांची सामाजिक विम्याची व्यवस्था आहे, आणि तिच्या तोडीची व्यवस्था मला आपल्याकडे कुठेही दिसलेली नाही. एरवी स्वतंत्र व्यावसायिकाला आरोग्य विम्याचा पूर्ण हप्ता स्वतःच भरावा लागतो. केएसकेत मात्र निवृत्तिवेतन, आरोग्य आणि शुश्रूषा या तिन्ही विम्यांचा अर्धाच वाटा कलावंत भरतो. उरलेल्या अर्ध्यापैकी एकूण हप्त्याचा २० टक्के भाग केंद्र सरकार देते आणि ३० टक्के कलावंतांकडून काम करून घेणाऱ्या प्रकाशकांकडून, गॅलऱ्यांकडून आणि जाहिरात संस्थांकडून अधिभाराच्या रूपाने गोळा होतो. अंदाजे सांगायचे तर खर्च वजा जाता महिना हजार युरो उरत असतील, तर त्यातले दोनशेच्या आसपास तिकडे जातात. वर्षाला ३,९०० युरोंहून अधिक कमाई असावी ही किमान अट आहे, तीही व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत लागू नसते. तरीही प्रवेश आपोआप होत नाही: बिले, करारपत्रे, प्रदर्शनांचे पुरावे तपासले जातात आणि निर्णयाला काही महिने सहज लागतात. तोवरच्या खासगी विम्याचे पैसे बाजूला काढून ठेवा. कला शिकवण्याची मिळकतही केएसकेत धरली जाते, ही गोष्ट तुमच्यासारख्या शिक्षकाने विशेष लक्षात घ्यावी. गणपतीच्या आधी इथली मराठी कुटुंबे मुलांना शाडूची मूर्ती करायला शिकवणारा माणूस शोधत असतात. हे हसण्यावारी नेऊ नका, एखाद्या महिन्याचे स्टुडिओचे भाडे त्यातून निघते.

स्टुडिओ हे मात्र दुखणे आहे. बर्लिन स्वस्त असण्याचे दिवस सरले. बर्लिनच्या वेडिंग नावाच्या भागातील उफरहालेन हे कलावंतांच्या स्टुडिओंनी भरलेले जुने कारखान्याचे आवार २०१७ मध्ये गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेले आणि तिथल्या चित्रकारांची पुढची अनेक वर्षे अनिश्चिततेत गेली. शहर काही स्टुडिओ अनुदानित भाड्याने देते, पण अर्जदारांची गर्दी पाहता त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. सुरुवातीला कुणाच्या तरी स्टुडिओतला कोपराच मिळेल, तेव्हा मोठ्या कॅनव्हासची सवय असेल तर कागदावर काम करण्याची तयारी ठेवा.

गॅलऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. विक्रीतला निम्मा वाटा गॅलरीचा असतो, आणि अनोळखी चित्रकाराने चित्रांची फाइल घेऊन दारात जाणे इथे उपयोगाचे नाही. ओळखी प्रदर्शनांच्या उद्घाटनांतून आणि सहकाऱ्यांमुळे हळूहळू होतात. सरकारी शिष्यवृत्त्या चांगल्या आहेत, परंतु २०२५ च्या अंदाजपत्रकात बर्लिनने संस्कृतीवरील खर्चात सुमारे १३ कोटी युरोंची कपात केली. तेव्हा शिष्यवृत्तीसाठी अर्ज जरूर करा, पण ती मिळेलच असे धरून भाडेकरार करू नका.

परदेशी जाऊन नाव कमावलेल्या चित्रकार सय्यद हैदर रझांचे उदाहरण तुम्ही दिले आहे. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती हातात घेऊन. त्यांच्या आदल्याच वर्षी लंडन गाठलेल्या गोव्याच्या चित्रकार सूझांच्या मागे असा आधार नव्हता, आणि १९५५ मध्ये गॅलरी वनमधील प्रदर्शनाने नाव होईपर्यंतची त्यांची वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. प्रतिभा दोघांकडेही होती, म्हणून मला पाहण्यासारखी वाटते ती पहिल्या काही वर्षांची तजवीज.

ती तजवीज तुमच्या घरातच आहे. ‘बायकोच्या व्हिसावर येणे मनाला पटत नाही’, असे तुम्ही लिहिले आहे. भावना समजते, पण व्यवहार नेमका उलट सांगतो. तुमच्या पत्नीला इथे नोकरी मिळाली, तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, मिळू शकते. २०२५ मध्ये त्यासाठी वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती आणि संगणक क्षेत्रासारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी सुमारे ४३,७६० युरो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि त्याला मिळणाऱ्या परवान्यात कोणतेही काम करण्याची मुभा असते: नोकरी, स्वतंत्र व्यवसाय किंवा दोन्ही. तुम्ही चित्रे रंगवू शकाल, शिकवू शकाल आणि वेळ आली तर पगारी कामही कराल, आणि नूतनीकरणाच्या वेळी एकट्या चित्रांना घराचा सगळा भार पेलावा लागणार नाही. बर्लिनमध्ये बालवाडीला शुल्क नाही, जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. मात्र जागा मिळण्यासाठी खटपट करावी लागते, तेव्हा मुलीचे नाव लवकर नोंदवा.

तेव्हा माझा सल्ला असा, की पत्नीच्या नोकरीचे अर्ज आधी सुरू करावेत आणि तुम्ही शाळेचा राजीनामा त्यांचे नियुक्तिपत्र हातात पडेपर्यंत देऊ नये. मधल्या काळात बी-१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत जर्मन शिका, कारण कार्यशाळा घ्यायच्या तर इंग्रजी पुरत नाही, आणि गेल्या पाच वर्षांतली प्रदर्शने, विक्रीची बिले व छापून आलेली कामे तारखांसह एकत्र करून ठेवा; केएसकेचा अर्ज भरताना तीच कागदपत्रे लागतील.