पहिला ग्राउंड काढून टाक

अगं,

महामंडळाने कारखान्याच्या प्लॉटसाठी नव्या दराने मागितलेल्या पैशांविरुद्ध हायकोर्टात करायच्या पिटिशनचा तुझा ड्राफ्ट वाचला, अर्धा बोरिवली फास्टमध्ये उभ्याने आणि अर्धा घरी जेवण झाल्यावर. भाषा चांगलीये, अ‍ॅनेक्शर (जोडलेले कागद) नीट लावलीयेस, पण पहिलाच ग्राउंड (मुद्दा) वाचून मी पेन खाली ठेवलं. "मागणी केलेला दर अवाजवी व अवास्तव आहे." हे काढ. सुधारू बिधारू नकोस, काढूनच टाक.

मी पण हेच केलं होतं म्हणून सांगतोय. वीसेक वर्षं झाली असतील. क्लायंट ठाण्याकडचा, प्लास्टिक मोल्डिंगवाला, बायकोचे दागिने मोडून प्लॉट घेतलेला. महामंडळाने (कुठलं ते जाऊ दे) ताबा दिल्यावर सव्वा वर्षाने फरकाची रक्कम मागितली आणि मी तावातावाने शेजारच्या गावातल्या खरेदीखतांच्या सहा कॉप्या जोडल्या, की बघा मिलॉर्ड, खासगी जमीन याच्यापेक्षा स्वस्त मिळते. जजसाहेबांनी चार मिनिटं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, मग खासगीच का नाही घेतली? हाच प्लॉट घ्यायची सक्ती कोणी केली होती का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसमिस. बाहेर कॉरिडॉरमध्ये क्लायंटच माझी समजूत घालत होता, ते जास्त लागलं.

मग प्रेमजीभाई परमार हे जजमेंट वाचलं, जे आधीच वाचायला हवं होतं. १९८० चं आहे, दिल्लीत डीडीएच्या (दिल्ली विकास प्राधिकरणाच्या) फ्लॅटवर लावलेल्या सरचार्जवरून. सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलं की किंमत किती असावी हे बघत बसणं आमचं काम नाही, तुम्ही डोळे उघडे ठेवून करार केलाय. नंतर १९८९ चं बरेली डेव्हलपमेंट अथॉरिटीचं. तिथे माहितीपुस्तिकेत किंमत अंदाजे म्हणून लिहिली होती, पुढे ती भरमसाट वाढली, लोक हायकोर्टात जिंकले आणि सुप्रीम कोर्टात हरले, कारण वाढ करायचा अधिकार अटींमध्येच होता आणि लोकांनी त्या मान्य केल्या होत्या. ती घरं होती आणि तुझा कारखान्याचा प्लॉट आहे, पण समोरचा वकील हेच दोन निकाल घेऊन उभा राहणार, लिहून देतो. त्यामुळे "अंदाजे", "तात्पुरता", "अंतिम दराच्या अधीन राहून" असले शब्द तुझ्या क्लायंटच्या ऑफर लेटरमध्ये आहेत का ते आधी बघ. कर्नाटकात केआयएडीबीच्या (तिथलं औद्योगिक प्लॉट देणारं मंडळ) अलॉटमेंटमध्ये तर तात्पुरता दर हा नेहमीचाच प्रकार आहे. आपल्याकडे तो शब्द कधीकधी मागच्या पानावरच्या छापील अटींमध्ये असतो आणि क्लायंट झेरॉक्स आणतो ती फक्त पुढच्या पानाची. तू दिलेल्या अ‍ॅनेक्शर बी ला पण मागचं पान नाहीये. मला लगेच दिसलं ते, अट क्रमांक ७ नुसार असं तूच लिहिलंयस आणि अट क्रमांक ७ कुठेच नाही.

तर मग लढायचं कशावर. दर किती यावर नाही, तो आला कुठून आणि कुठल्या तारखेला लागू झाला यावर. आपल्याकडच्या औद्योगिक प्लॉटचा धंदा समजून घे जरा. एमआयडीसी (महाराष्ट्राचं औद्योगिक विकास महामंडळ) १ ऑगस्ट १९६२ ला सुरू झाली, सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून, आणि प्लॉट विकत नाहीत तर साधारण ९५ वर्षांच्या लीजवर देतात, प्रीमियम म्हणजे एकरकमी किंमत घेऊन. दर आणि चौरस मीटर यांचा गुणाकार, एवढं सरळ वाटतं ना? पण त्या एका प्लॉटच्या आयुष्यात तारखा किती असतात बघ, अर्ज केला ती, ऑफर लेटरची, पैसे भरल्याची, अलॉटमेंटची, करार झाला ती, ताबा पावतीची, बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची, मग पुढे मुदतवाढ घेतली तर ती, विकायला काढला तर डिफरेन्शियल प्रीमियमची (दरांतल्या फरकापोटी भरायची रक्कम). आणि या सगळ्या काळात दर मात्र अधूनमधून सुधारत राहतो. म्हणजे भांडण खरं तर गुणाकाराचं नाहीच, कुठल्या तारखेचा दर धरायचा एवढंच आहे, आणि मोजणीत क्षेत्र वाढलं असेल तर ते वाढीव क्षेत्र जुन्या दराने की नव्या.

तुझ्या मॅटरमध्येच बघ. ऑफर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली, दर सुधारला एप्रिलमध्ये, क्लायंटने पैसे भरले मे महिन्यात पण ऑफरमध्ये दिलेल्या मुदतीच्या आत. आता एक साधा प्रश्न, मुदत त्यांनीच दिली, ती पाळली, तर मधल्या मध्ये दर बदलायचा अधिकार कुठल्या कागदाने मिळाला? हा तुझा ग्राउंड नंबर एक. तो तू सतराव्या पानावर पुरलायस.

आणि त्यासाठी कागद लागतो. आरटीआय टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि नुसत्या कॉप्या मागू नकोस, फाइल बघायला माग. स्वतः जा, क्लार्कला पाठवू नकोस. मी एकदा असाच एका ऑफिसात दुपारभर बसलो होतो, पंखा होता पण वाऱ्याने कागद उडतात म्हणून बंद, आणि फाइलच्या टिपणीच्या बाजूला एका अधिकाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं सापडलं की सदर प्रकरणी जुना दर लागू राहील असे वाटते, त्याच्यावरच्याने खाली नुसतं "चर्चा करावी" लिहून सही केली होती, आणि पुढच्या पानावर थेट नव्या दराची डिमांड नोटीस. चर्चा काय झाली, कोणाशी झाली, कशाच्या आधारावर, काही नाही. ते एक पान आम्ही जोडलं आणि समोरच्यांनी तीन तारखा रिप्लाय दाखल करायला घेतल्या, शेवटी स्वतःच नोटीस मागे घेऊन नवीन सुनावणी देतो म्हणाले. आउटवर्ड रजिस्टर (बाहेर गेलेल्या कागदांची नोंदवही) पण बघ. ज्या सर्क्युलरवर महामंडळवाले उभे आहेत ते बोर्डाच्या ठरावाआधी निघालं की नंतर, हे कधीकधी त्यांनाच माहीत नसतं.

कायद्याचा पाया काय विचारशील तर इंदूर डेव्हलपमेंट अथॉरिटीचं १९९५ चं वाच. किंमत वाढली म्हणून कोर्ट लगेच हात घालणार नाही असं त्यातही आहे, पण पुढे हेही आहे की सरकारी संस्थेला मनमानी करता येत नाही, वाढ का केली ते कोर्टापुढे मांडता आलं पाहिजे. तेवढी फट आपल्याला पुरते. त्याच्या जोडीला आपल्या मुंबईचंच घे, जमशेद वाडिया विरुद्ध पोर्ट ट्रस्ट, २००४. पोर्ट ट्रस्टच्या जमिनींच्या भाड्याचा वाद होता, आणि कोर्ट म्हणतं की सरकारी जमीनमालकाने खासगी मालकासारखी हाव धरायची नसते, वाजवी परतावा घ्यावा. बेलार्ड पिअरला चहाला जाशील तेव्हा आजूबाजूला बघ, त्याच जमिनी.

रमणा शेट्टीचं जजमेंट तू टाकलंयस, सगळेच टाकतात. १९७९, मुंबई एअरपोर्टवरच्या रेस्टॉरंटचं टेंडर, सरकारने स्वतःचे नियम पाळलेच पाहिजेत वगैरे. पण शेवटपर्यंत वाचलंस का? तत्त्व सगळं पिटिशनरच्या बाजूने गेलं आणि त्याला मिळालं काहीच नाही, एक कारण म्हणजे तो उशिरा आला, तोवर समोरचा खर्च करून बसला होता. तुझ्या क्लायंटला नोटीस येऊन अकरा महिने झालेत आणि उशीर का झाला यावर ड्राफ्टमध्ये एक ओळ नाही. या काळात त्याने चार अर्ज दिले, दोनदा साहेबांना भेटला, हे सगळं तारखांसकट लिही. नुसतं रिप्रेझेंटेशन देत बसल्याने उशीर माफ होत नाही, पण गप्प झोपला होता असं तरी कोणी म्हणणार नाही.

एक गोष्ट क्लायंटला आधीच सांगून ठेव, त्याला आवडणार नाही. महामंडळाने करारात वाढीव मोबदल्याचं कलम ठेवलं असेल, म्हणजे शेतकऱ्यांना कोर्टाने जास्त मोबदला दिला तर तो बोजा प्लॉटवाल्यावर, तर त्या भागावर फार आशा ठेवू नये. उत्तर प्रदेशातल्या यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाच्या मॅटरमध्ये शेतकऱ्यांना द्यायच्या ६४.७ टक्के जादा मोबदल्याचे पैसे प्लॉटधारकांकडून मागितले, ते अलाहाबाद हायकोर्टात जिंकले आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते उलटवलं. मला विचारशील तर शेतकऱ्याला मिळायला हवं होतं ते मिळालं याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, फक्त हिशोब माग, एकूण किती वाढलं, विकण्याजोगी जागा किती, रस्ते नाले मोकळ्या जागा यांचा बोजा कोणावर टाकला. हिशोबात चुका असतात. मी पाहिल्यात.

बाकी ज्युरिस्डिक्शनवरची (कोर्टाला हे ऐकायचा अधिकार आहे का, त्यावरची) तुझी पाच पानं एका पानात बसव. करार आहे म्हणून रिट (सरकारी संस्थेविरुद्ध थेट हायकोर्टात अर्ज) चालत नाही असं ते म्हणतील, त्याला सुप्रीम कोर्टाचं एबीएल इंटरनॅशनल, २००४, पुरे. आणि प्लॉट ठाणे जिल्ह्यातला आहे, अपील साइडला फाइल कर, ओरिजिनल साइडच्या (मुंबई शहरातल्या मॅटरच्या) डिपार्टमेंटला जाऊन उगीच अर्धा दिवस घालवू नकोस, मी घालवलाय.

पैशाचं. क्लायंट घाबरून पूर्ण रक्कम भरायला निघालाय असं तू म्हणालीस. भरू दे हवं तर, व्याजाचं मीटर तरी थांबेल, पण चलनासोबत पत्र गेलंच पाहिजे की ही रक्कम हरकत नोंदवून भरतोय, हक्क राखून, आणि त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का पाहिजे, नुसता ईमेल नको. हे पत्र मराठीतच लिही, तिथला क्लार्क वाचतो तरी.

आणि ते मूळ नोटिशीचं पाकीट त्याच्याकडे आहे का विचार. नोटिशीवरची तारीख आणि पोस्टाच्या शिक्क्याची तारीख यात मला काहीतरी गडबड वाटतेय, फोटोत नीट दिसत नाही. गुरुवारी साडेचारनंतर चेंबरला ये, पाकीट आणि ऑफर लेटरचं मागचं पान घेऊनच ये.